पाकिटाचा उलटा प्रवास

जून महिना उजाडला की आम्हां मास्तरमंडळींच्या ओळखी एकाएकी वाढतात. एरवी जिन्यात भेटले तर मान वळविणारे शेजारी चहाला बोलावितात, कुणी दूरचे मामेसासरे फोन करतात, आणि बोलण्याच्या ओघात हळूच विचारतात, "काय हो, तुमच्या कॉलेजात ॲडमिशनचं काही जमेल का? म्हणजे वर काही द्यावं लागलं तरी हरकत नाही." हे 'वर' म्हणजे खरे तर टेबलाच्या खाली. मी पडलो मराठीचा साधा प्राध्यापक. माझ्या टेबलावर उत्तरपत्रिका आणि टेबलाखाली माझेच दोन पाय, याखेरीज काही नसते. पण बाप पाकीट घेऊन कॉलेजच्या दारी जातो, हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की जगात कुठे याच्या उलट घडत असेल, अशी शंकासुद्धा मला कधी आली नव्हती.

ती आली २०१८ सालच्या मे महिन्यात, आणि तीही साता समुद्रांपलीकडे. माझी धाकटी बहीण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅले शहराजवळ राहते. सुटीत तिने आम्हां उभयतांना महिनाभर बोलाविले होते. तिच्या गल्लीत दर दुसऱ्या घराच्या गॅरेजपुढे एक उंच खांब, त्यावर फळी, फळीला लोखंडी कडे आणि कड्याला जाळे. संध्याकाळ झाली की चेंडू आपटण्याचा धप् धप् आवाज सुरू होई. शेजारच्या घरातला सतरा वर्षांचा मुलगा तर दिवे लागले तरी थांबत नसे. साडेसहा फूट उंची, हात गुडघ्यापर्यंत पोचणारे. माझा बारा वर्षांचा भाचा त्याच्याकडे देवाकडे पाहावे तसा पाहत बसे.

"मामा, त्याला कॉलेजांची पत्रं येतात."

"अस्सं? बऱ्याच ठिकाणी अर्ज केलेले दिसतात."

"नाही मामा! तो नाही, कॉलेजंच त्याला अर्ज करतात."

मेहुणे वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणाले, "आणि कधी कधी पत्राच्या जागी पाकीट येतं. गेल्या सप्टेंबरातच तर पकडले सगळे." आमची ही हसून म्हणाली, "म्हणजे कॉलेज मुलाच्या बापाला पैसे देतं? मग आपणच इकडे राहायला येऊ!" सगळे हसले. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवसापासून मी मेहुण्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि त्यानंतरही या विषयावर जे हाती लागले ते वाचीत राहिलो. ती हकीकत वाचकांना सांगण्यासारखी आहे.

बास्केटबॉल हा मूळचा मास्तरी खेळ. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या आणि हा खेळ काढला. पुढे त्याच वाय. एम. सी. ए. संस्थेमार्फत तो आपल्याकडेही आला. मुंबईच्या नागपाड्यात आजही मुले तो जीव टाकून खेळतात. पण अमेरिकेत कॉलेजांच्या संघांचे जे प्रस्थ आहे, त्याची कल्पना आपल्याला येणे कठीण. दर मार्च महिन्यात त्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरते आणि सारा देश कचेरीतले काम बाजूला ठेवून तीत बुडून जातो. ही स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखविण्याचा १४ वर्षांचा हक्क २०१० साली १०८० कोटी डॉलरना विकला गेला. २०१६ साली त्यात आणखी ८ वर्षांची आणि ८८० कोटी डॉलरची भर पडली. कित्येक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वांत मोठा पगार घेणारा माणूस म्हणजे तिथला गव्हर्नर नसतो, विद्यापीठातला फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो.

आता एवढा पैसा ज्यांच्या घामावर उभा आहे, त्या पोरांना काय मिळे? कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एन. सी. ए. ए. या संस्थेचा नियम असा होता, की खेळाडू हा हौशीच असला पाहिजे. त्याला फी माफ, राहणे-जेवण, पुस्तके. त्यापलीकडे खेळाचे म्हणून पैसे घेतले तर तो बाद. ही शिष्यवृत्तीसुद्धा १९७३ पासून पुढची कितीतरी वर्षे एकेका वर्षाचीच असे. पुढच्या वर्षी ती चालू ठेवायची की नाही, हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर. बरे, थेट धंदेवाईक संघात जावे, तर २००६ पासून तिथलाही नियम आला, की शाळा संपून एक वर्ष झाल्याशिवाय आणि १९ वर्षांचे झाल्याशिवाय दार उघडणार नाही. तेव्हा ज्याची बाजारात लाखांनी किंमत होईल, असा अठरा वर्षांचा पोरगा निदान एक वर्ष कॉलेजात फुकट खेळणार. ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे पण जिचा भाव बोलायला बंदी आहे, तिचे व्यवहार कुठे होतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. रेशनच्या दिवसांतल्या साखरेच्या गोष्टी आपण आजीच्या तोंडून ऐकल्याच आहेत.

या पाकिटांचा इतिहासही जुना आहे. १९८८ साली लॉस एंजलिसच्या एका कुरिअर कंपनीत एक पाकीट फुटले आणि त्यातून हजार डॉलरच्या नोटा बाहेर पडल्या. पाकीट केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल कचेरीतून आले होते आणि जात होते एका होतकरू खेळाडूच्या वडिलांकडे. ज्या सहायक प्रशिक्षकाचे नाव त्यावर होते, त्याने आपण नोटा घातल्याचे साफ नाकारले. पण चौकशी लागली, इतरही भानगडी निघाल्या, आणि दुसऱ्या वर्षी त्या विद्यापीठावर निर्बंध आले. मिशिगन विद्यापीठाची गोष्ट तर आपल्याला अगदी घरची वाटेल. तिथला एड मार्टिन हा फोर्ड कारखान्यातला निवृत्त वायरमन. मोटारीच्या कारखान्यांतून कामगारांचा आकड्यांचा जुगार चालवी, म्हणजे आपल्या भाषेत मटका. त्या मटक्याच्या पैशातून आपण चार खेळाडूंना मिळून ६ लाख १६ हजार डॉलर उसने दिले, असे त्याने २००२ साली न्यायालयात कबूल केले. विद्यापीठाने त्या काळातले विजय रद्द केले आणि सभागृहात लटकणाऱ्या मानाच्या पताका उतरविल्या.

मेहुणे म्हणत होते ती धरपकड २६ सप्टेंबर २०१७ ची. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी त्या दिवशी दहा जणांवर आरोप जाहीर केले. त्यांत चार नामांकित विद्यापीठांचे सहायक प्रशिक्षक होते, आदिदास या बूट कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी होता, दलाल होते, गुंतवणुकीचा सल्लागार होता, आणि पूर्वी पंच असलेला व आता खेळाडूंचे उंची सूट शिवणारा एक शिंपीही होता. आपल्याकडे कुठल्याही भानगडीत कारकून, कंत्राटदार आणि पुढारी असतात. त्यांच्या भानगडीत शिंपी होता, एवढाच काय तो फरक.

व्यवहार दोन तऱ्हांचे होते. एकात प्रशिक्षक पैसे खात. पोरगा उद्या धंदेवाईक होऊन लाखो डॉलर मिळवील, तेव्हा ते पैसे सांभाळायला त्याने अमक्याच सल्लागाराकडे जावे, असे त्याच्या आणि त्याच्या आईच्या मनात भरवून द्यायचे, आणि त्याची दलाली आधीच खिशात टाकायची. दुसऱ्यात बूट कंपनी मुलाच्या घरी पैसे पोचवी. कंपनीचा विद्यापीठांशी करार असतो. संघाने तिचेच बूट घालायचे. लुईव्हिल विद्यापीठाशी आदिदासने २०१७ साली १० वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार जाहीर केला होता. तेव्हा चांगला पोरगा त्याच विद्यापीठात गेला पाहिजे, म्हणजे बूट टीव्हीवर दिसतील आणि पुढे तो मोठा झाला तर कंपनीशीच इमान राखील. त्यासाठी सुटीत खेळणाऱ्या हौशी मुलांच्या संघांच्या नावाने खोटी बिले करायची, तिथे पैसा वळवायचा, आणि तिथून तो रोखीने बापाच्या हातात.

मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ गावच्या ब्रायन बोवेन या मुलाच्या वडिलांना असे एक लाख डॉलर द्यायचे ठरले होते. त्या वेळच्या भावाने सुमारे पासष्ट लाख रुपये. मुलाने लुईव्हिलला यायचे, एवढीच अट. पैकी साडेएकोणीस हजारांचा हप्ता पोचला होता. इतक्यात धरपकड झाली. पुढच्या वर्षी खटल्यात बाप साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. मुलाचा विषय निघताच त्याला रडू आवरेना. कंपनीचा अधिकारी आणि दोन मध्यस्थ दोषी ठरले. २०१९ साली त्यांना नऊ आणि सहा-सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. आणि फसवणूक झाली कुणाची? सरकारी वकिलांच्या मते विद्यापीठांची! कारण पैसे घेतलेल्या, म्हणजे नियमाने बाद झालेल्या मुलाला त्यांनी अजाणता शिष्यवृत्ती दिली. १६ कोटींचा करार करणारे विद्यापीठ फसले आणि साडेएकोणीस हजार घेणारा बाप फसविणाऱ्यांच्या बाजूचा ठरला. कायदा काय म्हणतो ते मी नाकारीत नाही. पण ऐकून मनाला कसेसेच होते खरे.

लुईव्हिलचे विख्यात प्रशिक्षक रिक पिटिनो यांना विद्यापीठाने त्याच ऑक्टोबरात काढून टाकले. आपल्याला यातले काही ठाऊक नव्हते, असे ते सतत सांगत होते. २०२२ साली चौकशी मंडळाने त्यांना शिक्षा दिली नाही आणि २०२३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाचा संघ हाती घेतला. आणि तो मुलगा? वडिलांच्या व्यवहाराची आपल्याला कल्पना नव्हती, असे तो सांगत राहिला. त्याला अमेरिकेत कॉलेजचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. तो ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संघात खेळायला गेला. मोठी माणसे परत आपापल्या खुर्च्यांवर बसली. पोराची कॉलेजची वर्षे काही परत आली नाहीत.

इथपर्यंत मी ही हकीकत दुसऱ्याच्या घरची म्हणून ऐकत होतो. एका रविवारी मेहुण्यांनी आम्हांला चॅपल हिलला नेले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ तिथे आहे. अमेरिकेत वर्ग भरविणारे पहिले सरकारी विद्यापीठ, १७९५ सालचे. बास्केटबॉलचा मोठा मायकेल जॉर्डन इथलाच. जुन्या विहिरीवर बांधलेली पांढऱ्या खांबांची छत्री, जुनी झाडे, पायऱ्यांवर वाचीत बसलेली मुले. माझ्यासारख्या मास्तराला हेवा वाटावा अशी जागा. मी तसे म्हटले, तर मेहुणे म्हणाले, "इथली गोष्ट मात्र पाकिटाची नाही. इथं तुमच्या धंद्यातली गोष्ट आहे."

ती अशी. या विद्यापीठाच्या एका विभागात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे 'कागदी वर्ग' चालले होते. वर्ग कधी भरायचा नाही, शिकवायला कुणी यायचे नाही. शेवटी एक निबंध द्यायचा. तो तपासायची विभागातली कचेरीची व्यवस्था पाहणारी बाई, आणि सढळ हाताने वरच्या श्रेणी द्यायची. २०१४ सालच्या चौकशी अहवालाप्रमाणे तीन हजार एकशेच्या वर विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले, आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. खेळाडूंना ठरावीक गुण राखावे लागतात, नाही तर मैदानात उतरता येत नाही. त्यासाठी ही सोय. प्रकरण एन. सी. ए. ए.कडे गेले. विद्यापीठाने सांगितले, हे वर्ग केवळ खेळाडूंसाठी नव्हते, सर्वांना खुले होते, तेव्हा खेळाडूंना खास सवलत दिली असे होत नाही. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी निकाल लागला. शिक्षणविषयक नियमांचा भंग झाला असे म्हणता येत नाही, शिक्षा नाही.

तारीख पाहा. पाकिटांच्या धरपकडीनंतर तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. ज्यांनी मुलाच्या घरी पैसे पोचविले, ते बेड्यांत. मुलांना पैसे न देता आम्ही शिक्षण देतो, असे ज्यांनी पन्नास-साठ वर्षे सांगितले आणि ते शिक्षणही दिले नाही, ते मोकळे.

'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द तिकडे मोठ्या भक्तिभावाने उच्चारतात. तो जन्मला १९५० नंतरच्या दशकात. मैदानात जायबंदी झालेल्या खेळाडूंनी, किंवा दगावलेल्यांच्या विधवांनी, आम्ही कामगार आहोत म्हणून भरपाई द्या असे म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना कामगार म्हणावे लागू नये म्हणून तो घडविला गेला. संस्थेचे अनेक वर्षांचे कार्यकारी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर १९९५ सालच्या आपल्या पुस्तकात याची कबुली दिली. मराठीच्या प्राध्यापकाला समास सोडविण्याची खोड असते. 'विद्यार्थी-खेळाडू' हा दिसायला द्वंद्व समास, दोन्ही पदे सारख्याच मोलाची. प्रत्यक्षात तो तत्पुरुष निघाला. दुसरे पद तेवढे प्रधान.

मी विहिरीपाशी उभा राहून तावातावाने म्हणालो, "पण शिक्षकानं असं करावं? न शिकवता गुण द्यावेत?" आणि बोलता बोलता माझी जीभ अडखळली. मला एक मुलगा आठवला.

साधारण २०१२ सालची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात एक मुलगा होता. घाटावरच्या खेड्यातला, कोरडवाहू शेतकऱ्याचा. त्याने विषय मराठी घेतला होता. चढाईला गेला की समोरच्यांना घाम फुटे. पहाटे सराव, दुपारी सराव, उरलेला वेळ आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या प्रवासात. वर्गात तो मला वर्षातून चार-सहा वेळा दिसला असेल. टर्म संपत आली की जिमखान्याची चिठ्ठी येई: 'सदर विद्यार्थ्याची हजेरी समजून घ्यावी.' मी समजून घेई. ट्यूटोरिअल दुसऱ्या कुणाच्या अक्षरातले आहे, हे मला दिसे, तेही मी समजून घेई. माझ्या हातातले होते नव्हते ते सगळे गुण मी त्याला दिले. पैशाचा संबंध नव्हता. उलट गरिबाच्या मुलाचे भले केले, या समाधानात मी होतो. कॉलेजला ढाल मिळाली, प्राचार्यांचा सत्कार झाला, फोटोत मागच्या रांगेत मीही आहे.

तोच मुलगा २०१८ च्या जानेवारीत, म्हणजे मी अमेरिकेला जाण्याच्या चार महिने आधी, स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. गुडघा गेला होता. ज्या खेळाडू-कोट्यातल्या नोकरीची आशा होती ती हुकली होती. एका कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्याचे काम करीत होता आणि आतल्या स्टोअरमध्ये जागा निघाली होती, तिच्यासाठी अर्ज द्यायचा होता. त्याने पिशवीतून कोरा कागद काढला आणि म्हणाला, "सर, तेवढा अर्ज तुम्हीच लिहून द्या. मला असलं लिहिता येत नाही."

मराठी घेऊन बी. ए. झालेला मुलगा. अर्ज मराठीतच लिहायचा होता.

मी लिहून दिला. त्याने खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "तुम्ही तेव्हा पण लई मदत केली होती, सर." तो मनापासून बोलत होता. त्याने मला टोमणा मारला असता तर ते मला सोसले असते.

ती जागा त्याला मिळाली नाही, असे पुढे कळले.

मेहुण्यांना मी विहिरीपाशी हे काही सांगितले नाही. "ऊन फार आहे, चला," एवढेच म्हणालो.

त्यानंतर तिकडे बरेच बदल झाले. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एन. सी. ए. ए.च्या विरुद्ध निकाल दिला, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि छबीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने एक मोठी तडजोड मंजूर केली. पूर्वीच्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला परवानगी. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. म्हणजे ज्या व्यवहारासाठी २०१९ साली माणसांना तुरुंगाची शिक्षा झाली, जवळजवळ तोच व्यवहार आता वकिलासमोर सही करून होतो. पाकीट टेबलाखालून वर आले. बरे झाले. ज्याच्या घामाचा पैसा, त्याला तो उजळ माथ्याने मिळावा, यात माझ्या मते वाईट काही नाही.

पण एक देणे या सगळ्या हिशेबात कुठेच लिहिलेले दिसत नाही. ते पैशाचे नव्हते. गुडघा गेल्यावर, नाव विसरले गेल्यावर, माणसाला ज्याच्या आधाराने उभे राहायचे ते शिक्षण. ते देण्याचे कबूल केले होते आणि दिले नाही. त्या देण्याला न्यायालय नाही. त्याचा सावकारही आम्ही मास्तर आणि चोरही आम्हीच.

आमच्याकडे आजही टर्मच्या शेवटी जिमखान्याची चिठ्ठी येते. मी ती घेतो, हजेरीही लावतो. मुलांना खेळू नका म्हणणारा मी कोण? फक्त माझी एक अट असते. सकाळचा सराव संपला की अंगावरचा घाम पुसून पोराने साडेसातला माझ्या खोलीत यायचे. घरून आणलेल्या थर्मासमधला चहा दोघांत घ्यायचा आणि तासभर लिहायचे. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला एकच गोष्ट लिहायला सांगतो: नोकरीसाठी अर्ज. यंदा चार मुले येतात. एक खो-खोचा, दोन कबड्डीचे, आणि एक उंच हातांचा पोरगा बास्केटबॉलचा आहे.